चंद्राचे खळे आणि पावसाचा अंदाज : फोटो घ्या, नोंद ठेवा

(कळंबा, ता. करवीर, जि. कोल्हापूर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आपल्या भागात दिवाळीनंतर गुऱ्हाळांची धांदल असते. ऊस तुटून येत असतो, काहील चुलवाणावर असते आणि शेजारच्या मोकळ्या जागेत चिपाडे वाळत पडलेली असतात. अशा वेळी रात्री कोणीतरी वर पाहतो आणि म्हणतो, "चंद्राला खळं पडलंय, पाऊस येणार." हे एक वाक्य ऐकल्याबरोबर कामाचा विचार सुरू होतो. चिपाडे गोळा करून झाकायची का? उद्याची तोड थांबवायची का? ज्यांचे सोयाबीन किंवा भात कापून शेतात पडले आहे, त्यांनी रातोरात ताडपत्री शोधायची का?

अंदाज खरा ठरला तर माल वाचतो. खोटा ठरला तर एक दिवसाचे गुऱ्हाळ बंद राहते, मजूर बसून राहतात आणि ऊस तुटलेला असेल तर तो वाळतो. म्हणजे खळ्यावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे, दोन्हींत पैसा गुंतलेला आहे. म्हणून आज मी तुम्हाला खळे म्हणजे काय, त्याचा फोटो कसा घ्यावा आणि त्या फोटोच्या आधारे ही जुनी समजूत आपल्याच गावात कशी तपासावी, हे सांगणार आहे. समजूत डोळे मिटून मानू नये, तशी हसून सोडूनही देऊ नये. ती पडताळून पाहावी.

खळे कसे तयार होते?

खळे हा शब्द आपल्या शेतातलाच आहे. मळणीचे गोल खळे आणि चंद्राभोवतीचे गोल खळे, दोन्हींना आपण एकच नाव दिले. संस्कृतात याला परिवेष म्हणतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परिवेषावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यावरून आकाशातल्या या कड्याचा आणि पाऊसपाण्याचा संबंध जोडण्याची रीत किती जुनी आहे, हे लक्षात येते.

जमिनीपासून साधारण आठ ते पंधरा किलोमीटर उंचीवर पातळ, पांढरे, पिसासारखे किंवा मलमलीच्या पडद्यासारखे ढग असतात. त्यांना सिरस व सिरोस्ट्रेटस म्हणतात. तिथे थंडी इतकी असते की हे ढग पाण्याच्या थेंबांचे नसून बर्फाच्या बारीक स्फटिकांचे बनलेले असतात. हे स्फटिक सहा बाजूंचे असतात. शिसपेन्सिलीचा छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आकार कळेल.

चंद्राचा प्रकाश अशा स्फटिकाच्या एका बाजूतून आत शिरतो आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असतो. त्यामुळे प्रकाश निदान २२ अंशांनी वळतो, त्यापेक्षा कमी वळूच शकत नाही, आणि बहुतेक किरण या २२ अंशांच्या आसपास एकवटतात. परिणाम असा की चंद्रापासून २२ अंशांवर उजळ कडे दिसते आणि कड्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा काळसर दिसते. तांबडा रंग सर्वांत कमी वळतो, म्हणून कड्याची आतली किनार तांबूस असते. ही उपपत्ती सतराव्या शतकात मारिऑट या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडली.

सूर्याभोवतीही असेच कडे पडते. २४ मे २०२१ रोजी बंगळूरच्या लोकांनी भर दिवसा सूर्याभोवती असे कडे पाहिले होते आणि त्याचे हजारो फोटो निघाले होते. तत्त्व तेच, फक्त प्रकाश सूर्याचा.

जवळचे खळे आणि लांबचे खळे

आता खेड्यापाड्यांतली समजूत पाहा. खळे जवळ असेल तर पाऊस लांब आणि खळे लांब असेल तर पाऊस जवळ, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. पण आत्ताच आपण पाहिले की बर्फाच्या खळ्याचे अंतर २२ अंश असे ठरलेले आहे. ढग उंच असो की थोडा खाली, पातळ असो की जाड, ते अंतर बदलत नाही. मग जवळचे खळे कोणते?

जवळचे खळे ही वेगळीच वस्तू आहे. बर्फाचे स्फटिक नसून पाण्याचे बारीक थेंब असलेला विरळ ढग चंद्रासमोरून सरकतो, तेव्हा चंद्राला अगदी चिकटून एक पिवळट-पांढरी चकती दिसते आणि तिच्या कडेला तपकिरी-तांबूस रंग येतो. हे कडे चंद्रापासून काही अंशांतच संपते आणि त्याचा तांबडा रंग बाहेरच्या अंगाला असतो. थेंब बारीक असले तर कडे मोठे होते, थेंब मोठे असले तर लहान होते. म्हणजे याचा आकार खरोखर बदलतो.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण नको. हात पूर्ण लांब करा आणि वीत ताणून अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळीचे टोक जिथे येते तिथेच साधारण कडे असेल, तर ते २२ अंशांचे बर्फाचे खळे होय. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण १० अंश भरते. मुठीच्या आतच कडे संपत असेल, तर ते पाण्याच्या थेंबांचे जवळचे कडे समजावे.

आता समजुतीचा विचार करा. बर्फाचे खळे नेहमी एका विती­एवढे, म्हणजे नेहमी लांबच असणार. मग समजुतीप्रमाणे प्रत्येक बर्फाच्या खळ्यानंतर पाऊस जवळ असला पाहिजे. तसे होते का? हाच प्रश्न आपल्याला तपासायचा आहे.

समजूत कुठे चालते, कुठे अडते?

युरोपातही चंद्राला खळे पडले की पाऊस येतो असे मानतात आणि तिथे त्याला बराच आधार आहे. त्या प्रदेशात गरम हवेचा पट्टा थंड हवेवर चढत येतो. त्याच्या सर्वांत पुढे उंच सिरोस्ट्रेटस ढग असतात आणि मागून पावसाचे ढग येतात. म्हणून खळ्यानंतर अर्ध्या-एक दिवसात पाऊस पडण्याचा संभव असतो.

कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. इथला पाऊस त्या पद्धतीने येत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे ढग सह्याद्रीवर अडून पाऊस देतात. त्या काळात खालच्या ढगांनी आकाश भरलेले असते, चंद्रच दिसत नाही, मग खळे कुठून दिसणार?

एप्रिल-मेमधला वळीव दिवसाच्या उष्णतेने उभ्या वाढणाऱ्या ढगांतून येतो. अशा ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा पसरतो आणि तो बर्फाचा असतो. दुपारी कुठेतरी गडगडाट होऊन पाऊस पडून जातो, खालचा ढग विरतो, पण वरचे छत रात्री आपल्याकडे सरकत येते. त्यात चंद्राला खळे पडते. म्हणजे असे खळे येणाऱ्या पावसाचे नसून दुसरीकडे पडून गेलेल्या पावसाचे असू शकते.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मात्र जपून राहावे. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात चक्रीवादळ झाले की त्याच्या माथ्यावरचे बर्फाचे ढग शेकडो किलोमीटर दूर पसरतात. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ अरबी समुद्रातून गुजरातच्या दिशेने सरकले, तेव्हा ऐन हिवाळ्यात मुंबई व कोकणात पाऊस झाला. अशा वेळी पुढे आलेले उंच ढग ही पहिली खूण ठरू शकते. पण तेच वादळ दुसरीकडे वळले तर ढग दिसतात आणि पाऊस येत नाही.

तात्पर्य, आपल्याकडे खळे एवढेच खात्रीने सांगते की वर बर्फाचा पातळ ढग आहे. तो का आला, हे ते सांगत नाही.

फोटो कशासाठी?

"गेल्या साली खळे पडले आणि तिसऱ्या दिवशी पाऊस आला" असे आपण सांगतो. पण ज्या दहा वेळा खळे पडून पाऊस आला नाही, त्या आपण विसरून जातो. मनुष्याची आठवण जुळलेली गोष्ट धरते आणि न जुळलेली सोडते. फोटोला असा पक्षपात नसतो. त्यावर तारीख आणि वेळ असते, कड्याचा आकार मोजता येतो आणि दुसऱ्यालाही दाखवता येतो.

आणखी एक गंमत आहे. रात्रीच्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, म्हणून खळे पांढरेच वाटते. कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो, त्यामुळे आतली तांबूस किनार फोटोत उमटते. खळे बर्फाचेच आहे याचा हा चांगला पुरावा आहे.

फोटो कसा घ्यावा?

१. रात्र निवडणे : शुद्ध दशमीपासून वद्य पंचमीपर्यंत चंद्र पुरेसा तेजस्वी असतो. कोजागरीची रात्र तर सोयीचीच, कारण त्या दिवशी घरचे सर्वजण दुधासाठी जागे असतात. चांदणे थोडे दुधाळ दिसले आणि बारीक तारे नाहीसे झाले की वर पाहावे.

२. जागा : कोल्हापूर शहराचा उजेड आपल्या उत्तरेला आहे. कळंबा तलावाच्या बांधावरून दक्षिणेला, कात्यायनीच्या डोंगरांकडे तोंड केले की हा उजेड पाठीमागे राहतो. वैशाख-ज्येष्ठात पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री दक्षिणेला, आकाशात अर्ध्याहून थोडा वर असतो. मार्गशीर्ष-पौषात तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा कॅमेरा सरळ वर रोखावा लागतो. झाड किंवा घर फोटोत हवे असेल तर पौर्णिमेला चंद्र उगवल्यावर दोन-अडीच तासांनी फोटो घ्यावा.

३. कॅमेरा : खळ्याचा पूर्ण व्यास ४४ अंश, म्हणजे दोन विती. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावरील नेहमीच्या ५० मिलिमीटर भिंगात ते पूर्ण मावत नाही. २८ मिलिमीटरच्या भिंगात जेमतेम मावते, २४ मिलिमीटरचे असल्यास चांगले. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा याच मापाचा असतो, तेव्हा झूम न करता एकपट ठेवला की पूर्ण कडे येते. झूम करून फक्त चंद्र टिपला तर आपल्या कामाचे काहीच हाती लागत नाही.

४. स्थिरता : कॅमेरा हातात धरू नये. तिकाटणे नसेल तर विटांच्या थरावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा वाळूने भरलेल्या पिशवीवर टेकवावा. ट्रॅक्टर बंद असावा. बटण दाबतानाही हलते, म्हणून टायमर लावावा. फ्लॅश बंद ठेवावा.

५. प्रकाशाचे प्रमाण : कॅमेऱ्यात हाताने मापे देता येत असतील तर एफ २.८, आयएसओ ८०० आणि ४ सेकंद इथून सुरुवात करावी. मग २ सेकंद आणि ८ सेकंद असे आणखी दोन फोटो घ्यावेत. तिन्हींतला चांगला ठेवावा. फिल्मचा जुना कॅमेरा असेल तर ४०० आयएसओची फिल्म, भिंगाचे तोंड पूर्ण उघडे आणि १० ते २० सेकंद. मोबाइलमध्ये प्रो मोड असल्यास हीच मापे द्यावीत, नसल्यास नाईट मोड वापरावा. चंद्र पांढरा गोळा होऊन जाईल, त्याची चिंता करू नये. आपल्याला चंद्रावरचे डाग नकोत, कडे हवे आहे.

६. फोकस : अंधारात कॅमेऱ्याचा फोकस चुकतो. तो हाताने अनंतावर ठेवावा किंवा दूरच्या दिव्यावर धरून तसाच कायम करावा.

७. चंद्र आडोशाला : चंद्राचा झोत भिंगात पडून खोटे ठिपके येतात. चंद्र झाडाच्या शेंड्याआड किंवा गुऱ्हाळाच्या धुराड्याआड येईल असे उभे राहावे. धूर मात्र मध्ये येऊ देऊ नये.

८. एक फोटो मोजमापाचा : शेवटी चंद्र फोटोच्या बरोबर मध्यभागी ठेवून एक फोटो घ्यावा. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मापात घेतलेल्या अशा फोटोंत चंद्रापासून कड्याचे अंतर दरवेळी सारखेच यायला हवे. तसे आले तर कडे बर्फाचे. कमी-जास्त येत असेल तर ते दुसरे काहीतरी आहे. चंद्र कडेला असल्यास भिंगामुळे आकार ताणला जातो, म्हणून मध्यभाग महत्त्वाचा.

९. दव आणि खोटी कडी : हिवाळ्यात भिंगावर दव धरते आणि प्रत्येक उजेडाभोवती कडे दिसते. मऊ, कोरड्या सुती कापडाने भिंग पुसावे. मग कॅमेरा लांबच्या दिव्याकडे करून पाहावे. दिव्याभोवतीही कडे येत असेल तर तो फोटो नोंदीत धरू नये.

इथे आरोग्याची एक गोष्ट सांगतो. हवा स्वच्छ असताना नुसत्या डोळ्यांना घरातल्या बल्बभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर तो आकाशाचा चमत्कार नव्हे. काचबिंदूसारख्या डोळ्यांच्या विकारात असे होते. अशा वेळी विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

रात्री बांधावर जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी असावी. विहिरीच्या किंवा पाण्याच्या काठावर वर पाहत चालू नये. दिवसा सूर्याचे खळे टिपायचे असल्यास सूर्याकडे थेट पाहू नये, कॅमेऱ्याच्या काचेतून तर मुळीच नाही.

नोंदवही कशी ठेवावी?

फोटो निम्मे काम करतो. उरलेले निम्मे काम वहीचे. साध्या वहीत पुढील रकाने आखावेत : तारीख व तिथी, वेळ, खळे दिसले की नाही, वितीने मोजलेला आकार, खालच्या ढगांची स्थिती, फोटो क्रमांक आणि पुढील ४८ तासांतील पाऊस.

पाऊस मोजण्यासाठी पर्जन्यमापक असावा आणि हवामान विभागाच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठला वाचन घ्यावे. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतो. आपणही तोच नियम धरावा. चार थेंब पडले म्हणून खळे खरे ठरले असे लिहू नये. तसेच ४८ तासांची मुदत आधीच ठरवून घ्यावी. आठव्या दिवशी पाऊस आला तर तो खळ्याच्या खात्यावर जमा करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खळे नसलेल्या चांदण्या रात्रीही लिहाव्यात. हे का करायचे, ते एका कल्पित हिशेबाने सांगतो. समजा, ऑक्टोबर ते मे अशा दोन हंगामांत मिळून तुम्ही १०० रात्री लिहिल्या. त्यांत २० रात्री खळे दिसले आणि त्यांपैकी ४ वेळा दोन दिवसांत पाऊस आला. खळे नसलेल्या ८० रात्रींपैकी १६ वेळा पाऊस आला. दोन्हींकडे प्रमाण पाचात एक, म्हणजे खळ्याने काहीच जादा सांगितले नाही. उलट, खळ्याच्या २० रात्रींपैकी १० वेळा आणि बिनखळ्याच्या ८० पैकी फक्त ८ वेळा पाऊस आला असता, तर खळ्याच्या समजुतीत दम आहे असे म्हणता आले असते. नुसत्या खळ्याच्या रात्री लिहिल्या तर हा ताळा करताच येत नाही.

महिन्यांचा हिशेबही वेगळा ठेवावा. मार्च-एप्रिलचे खळे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे खळे एकाच पोत्यात भरू नये, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून नोंदी ठेवल्या तर एकाची चुकलेली रात्र दुसऱ्याकडे सापडते. शाळेतल्या मुलांना हे काम दिले तर ती हौसेने करतील.

मोबाइलमधला मूळ फोटो जपून ठेवावा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून तो काढल्याची मूळ तारीख-वेळ निघून जाते. म्हणून दुसऱ्याकडून आलेला फोटो कितीही सुंदर असला तरी आपल्या वहीत धरू नये. तो कुठला आणि कधीचा, हे सांगता येत नाही.

तोपर्यंत शेतात काय करावे?

नोंदी पुऱ्या व्हायला एक-दोन हंगाम लागतील. तोपर्यंत खळ्याला हुकूम न मानता सूचना मानावे. खळे दिसले की भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्याचा अंदाज त्याच रात्री पाहावा आणि समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र किंवा वादळ आहे का, याची चौकशी करावी. अंदाजात पाऊस असेल तर वाळलेली चिपाडे आधी आडोशाला न्यावीत, कारण ओल्या चिपाडांनी चुलवाण पेटत नाही आणि आधण अर्ध्यावर अडते. कापलेले सोयाबीन व भात ढीग करून ताडपत्रीने झाकावे. गूळ ओल धरतो, म्हणून ढेपा दमट हवेत उघड्या ठेवू नयेत.

अंदाजात पाऊस नसेल तर केवळ खळे दिसले म्हणून तोड किंवा मळणी थांबवू नये. मात्र ताडपत्री हाताशी असू द्यावी. तिला खर्च थोडा आणि आधार मोठा. उलटही लक्षात ठेवावे. अंदाजात पाऊस आहे आणि खळे दिसले नाही, म्हणून निर्धास्त राहू नये. वळवाच्या पावसाआधी कित्येकदा रात्री आकाश निरभ्र असते.

आपल्या वाडवडिलांनी वर पाहून हवामान ओळखण्याचा प्रयत्न केला, कारण त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते. त्यांनी पाहण्याची सवय आपल्याला दिली. आपल्या हातात कॅमेरा, पर्जन्यमापक आणि वही आहे, तेव्हा त्या पाहण्याला मोजण्याची जोड देणे हे आपले काम आहे. येत्या शुद्ध दशमीपासून वहीचे पहिले पान सुरू करा. दोन हंगामांनंतर कळंब्यात चंद्राला खळे पडल्यावर किती वेळा पाऊस येतो, हे तुम्ही स्वतःच्या आकड्यांनी सांगू शकाल.